ख्रिस्ती गीतांच्या चाली: श्रेय देताना आणि गाताना या चुका टाळा

कार्यक्रमपत्रिकेत किंवा व्हिडिओखाली ‘अमेझिंग ग्रेस, संगीतकार: जॉन न्यूटन’ असं सर्रास लिहिलेलं असतं. न्यूटन या गीताचा कवी. १७७३च्या पहिल्या दिवशी करायच्या प्रवचनासाठी त्यानं हे शब्द लिहिले आणि १७७९ साली ‘ओल्नी हिम्स’ या संग्रहात ते चालीशिवाय छापून आले. आज आपण गुणगुणतो त्या चालीचं नाव ‘न्यू ब्रिटन’. तिची ठाऊक असलेली पहिली छापील रूपं १८२९ सालच्या एका अमेरिकन संग्रहातली आहेत आणि न्यूटनच्या शब्दांना ती लावली विल्यम वॉकरनं, १८३५ साली. न्यूटन १८०७ मध्येच वारला होता. आपले शब्द या चालीवर गायलेले त्यानं कधी ऐकलेच नाहीत. ‘दहा हजार वर्षं’वालं शेवटचं कडवंही त्याचं नाही. ते या गीताला जोडलेलं दिसतं हॅरिएट बीचर स्टोच्या १८५२ सालच्या ‘अंकल टॉम्स केबिन’ या कादंबरीत.

बहुतेक चुकांचं मूळ इथेच आहे. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, स्वरसाथ (चालीसोबत गायले-वाजवले जाणारे जुळते स्वर) तिसऱ्याची, आणि तिघांच्या मध्ये कधी कधी शंभर वर्षं. ‘अबाइड विथ मी’ लिहून हेन्री लाइट १८४७ साली गेला. विल्यम हेन्री मंकची ‘इव्हनटाइड’ ही चाल १८६१ची. ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ची कथा तर आणखी गुंतागुंतीची. चार्ल्स वेस्लीचे शब्द १७३९चे, पण ज्या पहिल्या ओळीनं गीत ओळखलं जातं ती जॉर्ज व्हिटफील्डनं बदललेली. चाल जर्मन संगीतकार मेंडेलसोनची, १८४० साली छपाईकलेच्या उत्सवासाठी रचलेली. धार्मिक शब्दांना ती शोभणार नाही, असं खुद्द मेंडेलसोनचं मत होतं. विल्यम कमिंग्जनं १८५५ साली दोन्ही जुळवलं, तेव्हा कवी आणि संगीतकार दोघंही हयात नव्हते.

इतके हात लागलेल्या गीताखाली एकच नाव लिहिणं हा बाकीच्यांवर अन्याय आहे, आणि तो टाळायला फारसे कष्टही पडत नाहीत. बहुतेक स्वरलिपीच्या पुस्तकांत गीताच्या पानावरच सगळं दिलेलं असतं: एका बाजूला कवी, दुसऱ्या बाजूला चालीचा कर्ता, जवळच चालीचं नाव आणि अक्षरगणनेचे आकडे. नावाआधी ‘हार्म.’ असेल तर त्या माणसानं फक्त स्वरसाथ बांधलेली असते. ‘अ‍ॅर.’ असेल तर मांडणी त्याची. हे छोटे संक्षेप गाळले की साथ बांधणारा एका फटक्यात मूळ संगीतकार होऊन बसतो. जर्मन संगीतकार बाखच्या बाबतीत हे नेहमी घडतं. ‘ओ सेक्रेड हेड’ची चाल हान्स लिओ हासलरची आहे, १६०१ साली छापलेल्या एका प्रेमगीताची. बाखनं ती ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या स्वरसाथीनं योजली. त्याचं काम अफाट आहे, पण चाल त्याची नव्हे.

मोठी नावं श्रेय असंच ओढून घेतात. ‘जॉय टू द वर्ल्ड’वर हँडेलचं नाव सहज दिसतं, कारण लोवेल मेसननं १८३६ साली ती चाल ‘हँडेलवरून’ म्हणून छापली. हँडेलच्या ‘मसीहा’ या रचनेतल्या काही स्वरांशी तिचं साम्य आहे, पण हँडेलनं अशी चाल रचल्याचा पुरावा नाही. ‘सायलेंट नाइट’ कधी हायडनच्या, कधी मोझार्टच्या खात्यावर टाकली गेली. तिचा कर्ता फ्रान्झ ग्रुबर हा ऑस्ट्रियातला शाळामास्तर आणि ऑर्गनवादक होता. योझेफ मोरच्या शब्दांना त्यानं १८१८च्या नाताळच्या आदल्या दिवशी चाल लावली. १८५४ साली त्याला स्वतःच्या हातानं हकीकत लिहून हक्क सांगावा लागला. एका साध्या माणसाच्या हातून इतकी सुंदर गोष्ट घडू शकते, हे लोकांना पटायला एवढा वेळ का लागावा, याचं मला फार वाईट वाटतं.

वेस्ली नावाशीही जपून. ‘द चर्चेस वन फाउंडेशन’ची ‘ऑरेलिया’ ही चाल सॅम्युएल सेबॅस्टियन वेस्लीची, १८६४ची. तो कवी चार्ल्स वेस्लीचा नातू. नुसतं ‘वेस्ली’ लिहिलं तर आजोबा की नातू ते कुणाला कळणार नाही.

आता गाण्याकडे. पानावरचे आकडे प्रत्येक ओळीतली अक्षरं सांगतात: ८.६.८.६ म्हणजे पहिलीत आठ, दुसरीत सहा. आकडे जुळले की कुठलेही शब्द कुठल्याही चालीवर बसतात, हा समज मात्र अर्धाच खरा आहे. ‘अमेझिंग ग्रेस’ विल्यम क्रॉफ्टच्या ‘सेंट अ‍ॅन’वर व्यवस्थित गाता येतं, कारण दोन्हींची सुरुवात हलक्या अक्षरानं होते. पण ‘द किंग ऑफ लव्ह माय शेफर्ड इज’ घ्या. आकडे ८.७.८.७. ‘कम, दाउ लाँग-एक्स्पेक्टेड जीझस’चेही तेच. हे दुसरं गीत ‘श्टुटगार्ट’ या चालीवर गातात आणि ती पहिल्याच अक्षरावर जोर देते. तिच्यावर पहिलं गीत म्हणून पाहा: जोर येतो ‘द’वर, ‘ऑफ’वर, ‘माय’वर, आणि ‘शेफर्ड’मधल्या ‘हर्ड’वर. किंग, लव्ह आणि शेप हे सगळे दबून जातात. गाणाऱ्याला अडखळल्यासारखं होतं, पण नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही.

चाल बदलायची असेल तर आधी शब्द न गाता टाळी देत मोठ्यानं वाचा. जिथे बोलताना आपोआप वजन पडतं, तिथेच चालीचा ठोका पडायला हवा. आणि हे सगळ्या कडव्यांना करून बघा. पहिलं कडवं चपखल बसतं आणि तिसऱ्यात कवीनं मध्येच वजन फिरवलेलं असतं, असं बरेचदा होतं. शिवाय अर्थही तपासा, कारण आकडे आणि ठोके दोन्ही जुळूनही शोकाच्या शब्दांना उड्या मारणारी चाल लागू शकते.

तालीम नीट झालेली असताना ऐन उपासनेत गोंधळ उडाला, तर पुस्तकं वेगवेगळी तर नाहीत ना, ते पाहा. मार्टिन ल्युथरच्या ‘अ माइटी फोर्ट्रेस’ची मूळ लय उसळती, लांब-आखूड स्वरांची, पुढच्या काळात ती सरळ, समान मात्रांची झाली. दोन्ही रूपं आजही छापली जातात. ऑर्गनवादकापुढे एक आणि मंडळींच्या हातात दुसरं असेल, तर दुसऱ्याच ओळीत फाटाफूट ठरलेली.

गीत ध्वनिमुद्रित करून प्रसिद्ध करणार असाल, तर ‘जुनं आहे, म्हणजे मोकळं आहे’ असं धरून चालू नका. ‘हाउ ग्रेट दाउ आर्ट’ची मूळ स्वीडिश कविता कार्ल बोबर्गची, १८८५ची आणि चाल स्वीडिश लोकसंगीतातली. पण प्रचलित इंग्रजी शब्द स्टुअर्ट हाइनचे. तो १९८९ साली वारला आणि त्या शब्दांवर हक्क आहेत. जुन्या चालीवर नव्यानं बांधलेल्या स्वरसाथीचंही तसंच. म्हणून परवानगीची चौकशी शब्द, चाल आणि मांडणी अशी तिन्हींसाठी वेगवेगळी करा.