रिदम गेमचा लेव्हल एडिटर: नोट ठेक्यावर बसत नसेल तर या चुका टाळा

रिदम गेम म्हणजे गाण्याच्या ठेक्यावर बटण दाबायचा खेळ. कुठल्या क्षणी बटण दाबायचं त्या खुणा, म्हणजे नोट, लेव्हल एडिटरमध्ये गाण्यावर मांडतात. हा एडिटर बनवणाऱ्याकडे सगळ्यात जास्त येणारी तक्रार एकच असते: नोट ठेक्यावर बसत नाही. ती आली की लगेच ऑफसेटचा, म्हणजे सगळ्या नोट एकदम सरकवायचा, आकडा पुढे-मागे करत बसू नका. आधी वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) उघडा आणि गाण्याच्या सुरुवातीला व शेवटच्या कडव्यात नोट किती सरकली आहे ते बघा. फरक दोन्हीकडे सारखा आहे की वाढत गेलाय, यावर पुढचं सगळं ठरतं.

सारखा असेल तर काम सोपं. ब्लूटूथ इअरफोन काढून वायरचा लावा. ब्लूटूथवर आवाज सहज शे-दोनशे मिलिसेकंद उशिरा पोचतो. तरीही फरक राहिला तर फाइल तपासा. एमपीथ्री बनवताना सुरुवातीला थोडी शांतता जोडली जाते, 44.1 किलोहर्ट्झला बहुधा 25 मिलिसेकंदांच्या आसपास. फाइल उलगडून वाजवणारे काही डिकोडर ती कापतात, काही तशीच ठेवतात, म्हणून एडिटरमध्ये जुळलेली लेव्हल फोनवर हुकते. ऑग किंवा वेव्ह फाइल वापरली की हा घोळच नको.

वाढत जाणारा फरक मात्र हिशेबातला असतो. गाणं 120.1 बीपीएमचं (मिनिटाला इतके बीट, म्हणजे ठोके) आणि एडिटरमध्ये 120 लिहिलंय, तर तीन मिनिटांत 150 मिलिसेकंदांची तूट पडते. दुसरी चूक पूर्णांकाची. 120 बीपीएमला एक बीट 500 मिलिसेकंदांचा. त्याचे तीन भाग केले की 166.67 येतात, कोड ते 167 करून पुढे बेरीज करत जातो आणि दर बीटला एक मिलिसेकंद चढतो. 360 बीटनंतर 360 मिलिसेकंद! म्हणून नोटची जागा मिलिसेकंदांत साठवूच नका, टिकमध्ये, म्हणजे बीटच्या ठरावीक बारीक भागांत, साठवा. बीटला 480 टिक बरेच जण घेतात, पण 480 ला 7 ने भाग जात नाही. 1680 घ्या: बीटचे 3, 5, 7, 16 भाग सगळे बसतात. तिसरी चूक म्हणजे प्रत्येक फ्रेमचा (पडद्यावरच्या एका चित्राचा) वेळ मिळवत वेळ मोजणं. एखादी फ्रेम अडकली तरी गाणं थांबत नाही. वेळ ऑडिओच्या घड्याळावरूनच घ्या.

आता आपल्याकडचा खास प्रश्न. सिंधुदुर्गातल्या डबलबारीचं (दोन बुवांच्या भजनी सामन्याचं) रेकॉर्डिंग घेतलंत तर एकच बीपीएम चालणारच नाही. बुवांनी गजर धरला की लय चढत जाते, आणि ती चढण्यातच खरी मजा आहे. ती सपाट करू नका. एडिटरमध्ये प्रत्येक समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, टेम्पो बदलायची सोय द्या. नोट बसवायच्या रेषांचा ग्रिडही चारचार बीटचा पक्का करून ठेवू नका. दादरा सहा मात्रांचा, रूपक सात मात्रांचा. चारच्या ग्रिडवर सम दर आवर्तनात वेगळ्याच रेषेवर पडते आणि लेव्हल बनवणारा पोरगा वैतागून सोडून देतो.

वापरायच्या सोयीतल्या दोनच गोष्टी सांगतो. नोट ओढून हलवली की अनडूत एकच नोंद पडावी. माऊस सरकेल तशा पन्नास पडल्या तर कंट्रोल-झेड दाबून बोट दुखतं. आणि ऑटोसेव्ह हवाच. पावसाळ्यात कोकणात लाईट कधी जाईल याचा नेम नसतो. पण थेट मूळ फाइलवर लिहू नका. आधी तात्पुरती फाइल पूर्ण लिहा, मग तिला मूळ नाव द्या, म्हणजे लिहितालिहिता लाईट गेली तरी आधीची लेव्हल शाबूत राहते.