एका दाबात चार कीबोर्ड : सामाईक बटण दाबणारी फळी घरच्या घरी कशी बनवावी

शाळेच्या किंवा क्लासच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये जुन्या मशीनवर नव्याने सिस्टिम टाकायची वेळ आली, की एक गोष्ट हमखास छळते. मशीन सुरू झाल्यावर पहिल्या काही सेकंदांत बूट मेन्यूचे, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचे ते निवडायच्या यादीचे, बटण दाबावे लागते. डेल, लेनोव्हो आणि एसरच्या बहुतेक मशीनला एफ १२, एचपीला एफ ९. ती वेळ हुकली की मशीन थेट विंडोजमध्ये जाते आणि सगळे पहिल्यापासून. चार मशीन एकदम चालू केली आणि माणूस एकच असला, तर दोन तरी हुकतातच.

एका कीबोर्डावर दाबलेले बटण दुसऱ्या मशीनला पोचवणारी सॉफ्टवेअर आहेत. पण ती विंडोज किंवा लिनक्स उभे राहिल्यावरच चालतात, आणि बूट मेन्यू येतो त्याच्या आधी. तिथे खरोखर दाबलेले बटण चालते. हे काम एक साधी बिजागरीची फळी उत्तम करते : एका कडेला बिजागरी, आणि खाली चार कीबोर्डांच्या बटणांवर टेकणारे चार बोल्ट. सुतारकामाची थोडी सवय असेल तर एका रविवारात होते.

आधी एक तपासून घ्या. तुमच्या मशीनच्या बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मशीनच्या मूळ प्रोग्रॅममध्ये) बूटचा क्रम कायमचा बदलता येत असेल आणि तुम्हाला दर वेळी नेटवर्कवरूनच बूट करायचे असेल, तर तो क्रम बदला आणि विषय संपवा. फळी बनवायची ती बायोसला पासवर्ड असेल, क्रम बदलायची परवानगी नसेल, किंवा वेगवेगळी मशीन आळीपाळीने टेबलावर येत असतील तेव्हा.

आधी बटणाचा जोर मोजा

बहुतेक जण थेट फळीला चार बोल्ट ठोकून दाबून पाहतात. दोन कीबोर्ड चालतात, एकाचे बटण अर्धेच दबते, चौथ्याला बोल्ट टेकतही नाही. मग जोर लावतात आणि पहिल्या कीबोर्डाचा प्लास्टिकचा सांगाडा वाकतो. चारही बटणे मिळून जोर फार लागत नाही. अडचण उंचीची असते. एकाच मॉडेलचे चार कीबोर्ड घेतले तरी त्यांच्या बटणांच्या उंचीत मिलिमीटरभर फरक निघतो, प्लाय थोडी वाकलेली असते, टेबल सपाट नसते. म्हणून प्रत्येक बोटाला, म्हणजे बटण दाबणाऱ्या बोल्टला, स्वतःची स्प्रिंग हवी. जे बोट आधी टेकेल ते आपले बटण पूर्ण दाबून थांबते, त्याची स्प्रिंग दबते, आणि फळी बाकीच्यांसाठी खाली जात राहते. हे एक जमले की बाकीचे सगळे सोपे आहे.

स्प्रिंग किती कडक हवी हे स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कळते. कीबोर्ड काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, कीबोर्ड मशीनला जोडून एखादे अक्षर बोटाने अगदी सावकाश दाबा. पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत काट्याने जास्तीत जास्त किती दाखवले ते लिहून ठेवा. लॅबमध्ये असतात त्या साध्या रबर घुमटाच्या कीबोर्डांना साधारण ५० ते ७० ग्रॅम लागतात. तुमची स्प्रिंग त्याच्या दुप्पट जोराला हलायला लागली पाहिजे, म्हणजे १०० ते १५० ग्रॅमला. बटणापेक्षा स्प्रिंग नरम असेल तर स्प्रिंगच दबत राहते आणि बटण जागेवर. फार कडक असेल तर स्प्रिंग घातल्याचा उपयोगच नाही.

सामान

पायासाठी, म्हणजे सगळे ज्यावर बसते त्या तळाच्या पाटासाठी, १२ मिमी प्लाय, ८० बाय ६० सेंमी. फळीसाठी ९ मिमी प्लाय, ७५ बाय २२ सेंमी. कपाटाच्या दाराला लावतात ती लांब पट्टी बिजागरी, पाऊण मीटर. ५० मिमी लांबीचे चार एम ४ बोल्ट, प्रत्येकाला तीन साधे नट, एक घुमटी (गोल, बंद टोकाचा) नट आणि दोन वॉशर. बोल्टवर सैल बसतील अशा चार लहान दाबस्प्रिंगा, आणि फळी उचलून धरायला दोन मोठ्या. रबराचे तुकडे, डबल टेप, लाकडी गुटके, सुताचा दोरा. स्प्रिंगा हार्डवेअरच्या दुकानात घ्यायला जाल तेव्हा बोल्ट सोबत न्या. नुसते माप सांगून हवी ती मिळत नाही.

कीबोर्ड वायरचे आणि चारही एकाच मॉडेलचे घ्या. मॉडेल बदलले की एफ १२ची जागा बदलते.

कीबोर्ड मांडणे

चारही कीबोर्ड पायऱ्यांसारखे एकापुढे एक ठेवा, सगळ्यांची तोंडे एकाच बाजूला. मागचे दुमडते पाय मिटवून टाका, नाहीतर कीबोर्ड दाबताना डुलतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या कीबोर्डाच्या मध्ये पाच सेंमी जागा सोडा. पुढे मोटर बसवायची ठरवलीत तर ती तिथेच बसेल.

आता पायाच्या दोन टोकांना दोन खिळे ठोकून त्यांच्यामध्ये दोरा ताणा. दोरा चारही एफ १२ बटणांच्या बरोबर मधोमध वरून गेला पाहिजे. दोऱ्याला हात न लावता कीबोर्डच सरकवत जा. संगणकाच्या कीबोर्डावर शेजारच्या दोन बटणांच्या मध्यांतले अंतर साधारण १९ मिमी असते आणि बटणाचा वरचा सपाट भाग त्याहून बराच लहान, त्यामुळे दोन-तीन मिमीची चूक खपते, पाचची खपत नाही. जमले की खाली डबल टेप लावा आणि प्रत्येक कीबोर्डाच्या चारही बाजूंना लहान गुटके चिकटवा. नुसत्या टेपवर विसंबू नका. उन्हाळ्यात ती सरकते.

बिजागरी आणि फळी

बिजागरी येते कीबोर्डांच्या उजव्या कडेच्या बाहेर, ताणलेल्या दोऱ्याला समांतर. पूर्ण आकाराच्या कीबोर्डावर एफ १२ उजव्या कडेपासून सोळा-सतरा सेंमीवर असते, म्हणजे बिजागरी ते बोट हे अंतर १९ सेंमीच्या आसपास पडेल. दोन्ही टोकांना टेपने मोजून हे अंतर सारखे करा. बिजागरीची रेघ आणि बोटांची रेघ समांतर असली की चारही बोटे आपोआप सारखीच खाली जातात. त्यासाठी वेगळे गाइड किंवा रूळ लागत नाहीत, आणि बिजागरीच वापरायची ती याच कारणासाठी.

बिजागरी ज्या उभ्या पट्टीवर बसते तिची उंची अशी ठेवा, की बोटे बटणांना टेकताना फळी पायाला समांतर राहील. साधारण साडेसहा-सात सेंमी येते. फळी गोल फिरत खाली येत असल्यामुळे बोटाचे टोक दाबताना मिलिमीटरभर आडवेही सरकते. तेवढे चालते. बिजागरी बोटांच्या जवळ आणली तर हे सरकणे वाढते, म्हणून फळीची रुंदी कमी करण्याचा मोह टाळा.

बोटे

फळीवर बिजागरीपासून १९ सेंमीवर रेघ ओढा आणि चार बटणांच्या जागी साडेचार मिमीची भोके पाडा. ड्रिल तिरके गेले तर बोल्ट अडकतो. गुण्या शेजारी उभा धरून पाडा आणि भोकाच्या आतली कुसळे पॉलिश पेपरने काढून टाका.

बोल्ट वरून घाला, डोके वर. फळीच्या खालच्या बाजूने आधी वॉशर, मग स्प्रिंग, मग दुसरा वॉशर आणि दोन नट. हे दोन नट एकमेकांवर आवळा, म्हणजे फिरणार नाहीत. स्प्रिंग बोल्टला खाली ढकलते आणि बोल्टचे डोके फळीवर टेकून त्याला थांबवते. बोल्टच्या खालच्या टोकाला तिसरा नट आणि त्याखाली घुमटी नट, त्याच्या टोकावर रबराचा छोटा तुकडा चिकटवलेला. रबर नसेल तर बटणावरचे अक्षर काही दिवसांत घासून जाते.

एकेक बोट काट्यावर दाबून तपासा. फळी सावकाश खाली आणा आणि बोल्टचे डोके फळीपासून सुटायला लागते तेव्हा काटा काय दाखवतो ते पाहा. १०० ते १५० ग्रॅम हवे. कमी असेल तर नटांची जोडी वर सरकवून स्प्रिंग आणखी दाबा, जास्त असेल तर खाली घ्या. चारही बोटे वीसेक ग्रॅमच्या फरकात आली की पुरे.

फळीचे वजन

ही गोष्ट बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही. एवढ्या मापाची प्लाय पाऊण ते एक किलो भरते. त्यातले अर्धे बिजागरी पेलते आणि उरलेले चार बोटांवर येते, म्हणजे बोटामागे जवळजवळ १०० ग्रॅम. बटणाला लागतात ५० ते ७०. थोडक्यात, काहीच न करता फळी स्वतःच्या वजनानेच बटणे दाबून बसते.

म्हणून फळीची दोन्ही टोके कीबोर्डांच्या पुढे तीन-चार सेंमी जाऊ द्या, तिथे पायावर दोन गुटके बसवा आणि त्यांच्यावर मोठ्या स्प्रिंगा ठेवा. हात काढल्यावर बोटे बटणांपासून पाच मिमी वर तरंगली पाहिजेत. याच गुटक्यांच्या शेजारी दोन अडसर लावा, म्हणजे बोट टेकल्यावर फळी सहा मिमीपेक्षा खाली जाणार नाही. बटणाचा प्रवास बहुतेक कीबोर्डांत चार मिमीच्या आतबाहेर असतो आणि वरचे दोन मिमी स्प्रिंगांसाठी. कोणी फळीवर कोपर टेकवले तरी कीबोर्ड वाचतो तो या अडसरांमुळे. ते लावल्याशिवाय फळी कोणाच्या हातात देऊ नका.

उंची जुळवणे

वर्तमानपत्राच्या चार पट्ट्या कापा आणि प्रत्येक बोटाखाली एकेक ठेवा. फळी हळूहळू खाली आणत पट्ट्या ओढून पाहा. जी आधी अडकते ते बोट लांब, जी शेवटपर्यंत सुटी राहते ते आखूड. घुमटी नट फिरवून फरक काढा. एम ४ बोल्टचा एक पूर्ण फेरा म्हणजे ०.७ मिमी, म्हणजे अर्ध्या फेऱ्यातही बराच फरक पडतो. जुळले की वरचा नट त्याच्यावर आवळून टाका. स्प्रिंगा आहेत म्हणून इथे कंटाळा करू नका. त्या दीड-दोन मिमी सांभाळतात, त्याहून जास्त नाही.

मग बोटाच्या रबराला फळ्याच्या खडूची पूड लावून एकदा दाबा. बटणावर उमटलेला ठिपका मध्यापासून किती दूर आहे ते दिसते. ठिपका कडेला असेल तर बटण तिरके होऊन अडकते, विशेषतः जुन्या कीबोर्डात.

शेवटी चारही कीबोर्ड यूएसबी हबने एकाच मशीनला जोडा आणि बटणे तपासणारे एखादे वेबपान उघडा. त्यात दाबण्याची नोंद एकाखाली एक दिसत असेल तर एका दाबाला चार नोंदी आल्या पाहिजेत. सावकाश, पटकन, फळीच्या डाव्या टोकाला धरून, उजव्या टोकाला धरून असे सगळे करून पाहा. एका टोकाला धरल्यावर दूरचे बटण हुकत असेल तर फळी पिळते आहे. बोटांच्या रेघेला लागून ॲल्युमिनियमची एल पट्टी स्क्रूने बसवा. फरक लगेच जाणवतो.

वापरताना

हब फक्त चाचणीपुरता. खऱ्या कामाला प्रत्येक कीबोर्ड आपापल्या मशीनच्या मागच्या पोर्टला थेट जोडा. वायर वाढवायची असेल तर यूएसबी २.० ची मर्यादा पाच मीटरची आहे, त्यात कीबोर्डाची स्वतःची वायरही धरा.

बटण दाबून धरून ठेवू नका. मशीन सुरू होताना बटण दाबलेलेच दिसले तर काही जुनी बायोस कीबोर्ड बिघडल्याचा संदेश देऊन थांबतात. सेकंदाला दोन-तीन वेळा टकटक करत राहा, मशीन चालू केल्यापासून मेन्यू दिसेपर्यंत. चारही मशीन एकाच क्षणी त्या टप्प्यावर येत नाहीत. ज्याला जुनी हार्ड डिस्क किंवा जास्त रॅम आहे ते मागे राहते. टकटक चालू असल्यामुळे त्यालाही त्याची वेळ मिळते. मेन्यू आला की मात्र लगेच थांबा आणि पुढचे प्रत्येक मशीनवर हाताने निवडा. सगळ्यांचे मेन्यू सारखे नसतात, आणि चुकीच्या डिस्कवर सिस्टिम टाकली तर तिथला डेटा जातो.

मशीन एकदम सुरू करायची असतील तर बायोसमध्ये वीज आल्यावर आपोआप सुरू होण्याची सोय असते. ती चालू केली की एका एक्स्टेन्शन बोर्डाच्या बटणावर चारही उठतात.

हाताऐवजी मोटर हवी असेल तर मधल्या पाच सेंमी जागेत एमजी ९९६ आर सर्वो (ठरवलेल्या कोनात फिरणारी छोटी मोटर) बसवा आणि फळीची मोकळी कड तारेने खाली ओढा. त्याची ताकद ४.८ व्होल्टला ९ किलो-सेंमीच्या वर आहे, दीड सेंमीच्या दांड्याला भरपूर. छोटा निळा एसजी ९० सर्वो या कामाला अपुरा पडतो. सर्वोला वेगळा पाच व्होल्टचा, दोन-तीन अँपिअरचा पुरवठा द्या. सर्वोला हुकूम देणाऱ्या आर्डुइनो या छोट्या बोर्डाच्या पिनवरून वीज द्याल तर बोर्ड सारखा रीसेट होईल. बोर्ड आणि पुरवठा, दोन्हींचे ग्राउंड (उणे टोक) मात्र जोडलेले हवेत. सोलेनॉइड (वीज दिली की दांडी ओढणारे विद्युतचुंबक) वापरायचा विचार येतो, पण तो प्रवासाच्या सुरुवातीला, म्हणजे लांब असताना, सगळ्यात अशक्त असतो आणि चालू ठेवला की तापतो. मी सर्वोच सुचवेन. आणि आधी महिनाभर हाताने वापरा. बऱ्याच लॅबना मोटरची गरजच पडत नाही.

एका दाबात अनेक खाती चालवायला ऑनलाइन गेममध्येही असल्या युक्त्या वापरतात. तिथे आधी त्या गेमचे नियम वाचा. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टने नोव्हेंबर २०२० मध्ये एक बटण अनेक खात्यांना पाठवणाऱ्या सॉफ्टवेअरवर बंदी घातली, आणि अशा ठिकाणी खाते बंद होऊ शकते.

दर काही महिन्यांनी कागदाच्या पट्ट्यांची चाचणी पुन्हा करा. पावसाळ्यात प्लाय फुगते आणि जुळवलेली उंची सरकते. कीबोर्ड बदलायचा झाला तर त्याच मॉडेलचा एखादा जादा आत्ताच घेऊन ठेवा, कारण दोन वर्षांनी तेच मॉडेल बाजारात मिळेलच असे नाही, आणि नव्या मॉडेलला भोकेही नवी पाडावी लागतील.