छोट्या एसयूव्हीला लिफ्ट अन् मोठे टायर घ्यायच्या आधी

पावसाळ्यात उमरेड-कऱ्हांडला साइडला गाडी खालून घासते म्हणून लगेच गाडी उंच करायचं दोन इंची लिफ्ट किट मागवू नका भाऊ, आधी टायरचा हिशोब करा. तुमच्या टायरवर 215/60 आर16 साइज लिहिलेला असेल तर व्यास साधारण 664 मिमी, 215/65 टाकले की 686, म्हणजे 22 वाढला पण क्लिअरन्स (गाडीचं पोट ते जमीन अंतर) त्याच्या अर्धाच वाढतो, 11 मिमी. अन् मीटर 100 दाखवेल तेव्हा गाडी खरी 103 च्या आसपास असेल.

टायर लावला की स्टेअरिंग दोन्हीकडं फुल लॉक करा, पाच जण बसवून, चाकावरच्या कमानीतलं प्लास्टिक लायनर घासतं का बघा, टायर आणि स्ट्रटच्या (स्प्रिंगवाल्या शॉकअपच्या) स्प्रिंग सीटमधे बोट आरामात गेलं पाहिजे.

लिफ्ट घ्यायचीच तर स्ट्रटवरचा स्पेसर, 20 ते 30 मिमी, बस. त्याच्या वर गेलात की ड्राइव्हशाफ्टचा (चाक फिरवणाऱ्या दांड्याचा) अँगल वाढतो, त्याच्या सांध्यावरचं रबरी कव्हर म्हणजे सीव्ही बूट फाटतो, रिमच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस उडालेलं दिसलं की समजा गेला. बसवल्यावर अलाइनमेंट करायचीच. स्प्रिंगमधे अडकवायचे रबरी बफर मात्र नको, नुसती कडक होते गाडी.

एटी (ऑल-टेरेन, जाड खाचांचे) टायर मुरमाड रस्त्यावर मस्त चालतात, पण आपल्या काळ्या मातीत खाचा भरल्या की गुळगुळीतच होतात, तिथं लिफ्टही कामाची नाही. आणि हो, गाडीत बदल करण्याबद्दल मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, कंपनीनं दिलेल्या साइजबाहेर जायच्या आधी आरटीओ आणि इन्शुरन्सवाल्याला विचारून घ्या.