मळ्यात रॉटवायलर आणायचा तर

गेल्या महिन्यात विहिरीवरची केबल पुन्हा चोरीला गेली, तेव्हा चुलत दीर म्हणाले, "वहिनी, तुमच्या भैरूसारखं एक पिल्लू आम्हालाही बघा." त्यांना जे सांगितलं तेच लिहिते आहे. आमची वस्ती निफाड तालुक्यात, गावापासून २ किलोमीटर आत. भैरू आमचा रॉटवायलर कुत्रा, ६ वर्षांचा, वजन ५२ किलो.

गेटापाशी बांधून ठेवायला कुत्रा हवा असेल तर हा आणूच नका. तो ज्यांच्यात वावरतो त्यांचीच राखण करतो. दिवसभर साखळीला असलेला कुत्रा चिडका होतो आणि एक दिवस घरच्याच पोराला धरतो.

आमचं पहिलं पिल्लू पंधरा दिवसांत गेलं. विकणाऱ्याने फोनवर फोटो दाखवले आणि हायवेला पिशवीतून काढून हातात दिलं. पोट डेऱ्यासारखं, आम्हाला वाटलं बाळसं आहे. ते जंत होते, आणि पाठोपाठ पार्वो, म्हणजे पिल्लांना होणारा विषाणूचा आजार. म्हणून भैरूच्या वेळी आधी त्याची आई बघायला गेलो. ती उठून आली, आमचे हात हुंगले आणि परत जाऊन आडवी झाली. अशा आईचं पिल्लू घ्या. कोपऱ्यात दबून गुरगुरत असेल तर तसेच माघारी फिरा. या जातीत खुब्याचं दुखणं आईबापाकडून उतरतं, तेव्हा दोघांचे एक्स-रे मागा. ८ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला कायद्यानेच मनाई आहे.

बंदीचं लोक अजून विचारतात. मार्च २०२४ मध्ये केंद्राने रॉटवायलरसह २३ जातींबद्दल राज्यांना पत्र पाठवलं होतं. कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांनी ते पुढच्याच महिन्यात रद्द केलं.

पिल्लू आलं की पहिले काही महिने त्याला माणसं दाखवा. थिनिंगला, म्हणजे द्राक्षाच्या घडातले मणी विरळ करायला, आमच्याकडे पेठ-सुरगाण्याच्या मजुरांच्या टोळ्या येतात. त्यांच्या न्याहारीच्या वेळी मी भैरूला दोरीने धरून शेजारी बसायचे. डोक्यावर पाटी घेतलेल्या बाया, रांगती पोरं, फवारणीचा ट्रॅक्टर, सगळं त्याने बसून बघितलं. हुकुमाचा शब्द घरात एकच ठेवा. मी "थांब" म्हणायचे, सासरे "हाड", आणि पिल्लू बिचारं दोघांची तोंडं बघायचं.

हाडं मजबूत व्हावीत म्हणून कॅल्शियमची पावडर देतात, ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. मोठ्या जातीच्या पिल्लाची हाडं त्यानेच बिघडतात. जेवण दोन वेळांत विभागून द्या आणि जेवल्यावर तासभर पळवू नका. पोट ढोलासारखं फुगलं, उमासे येतात पण बाहेर काही पडत नाही, असं दिसलं तर जठर फिरलेलं असू शकतं. सकाळची वाट बघू नका, तडक दवाखाना गाठा.

द्राक्षवाल्यांनी हे नीट वाचा. भैरू वर्षाचा असताना माल काढणीला आला होता. कॅरेटजवळ सांडलेले मणी तो एकेक करून टिपत होता, आणि आम्ही सगळे कौतुकाने बघत होतो. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. दुसऱ्या दिवशी तो तोंड पाण्याच्या घमेल्यावर टेकवून नुसता पडून राहिला, पाणी मात्र पिईना. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याच्या किडनीवर जातात, आणि कोणाला किती बाधतील ते आधी सांगता येत नाही. तीन दिवस सलाईन लागलं तेव्हा वाचला. आता काढणीच्या दिवसांत तो बागेत येतच नाही. कांदाही तसाच वाईट, म्हणून भाजीचा रस्सा भाकरीवर ओतून द्यायची सवय मोडा.

आणि बिबट्या. आमच्याकडे गोदाकाठचा ऊस आहे, म्हणजे बिबट्या आहेच. शेजारच्या वस्तीवर सकाळी ओट्यावर नुसती साखळी सापडली. कुत्रा कितीही दांडगा असो, बांधलेला असला की त्याला पळताही येत नाही आणि भिडताही येत नाही. आम्ही घराला लागून जाड जाळीची खोली केली, वरूनही जाळी. अंधार पडला की भैरू आत, मी स्वतः कडी लावते. उसात काही हललं की आतून त्याचा आवाज सुटतो, आणि आम्ही आधी गच्चीवरून बॅटरी मारतो.