पॉलिसिस्टिक किडनीतील गंभीर जंतुसंसर्ग : या चुका टाळा

पॉलिसिस्टिक किडनीच्या आजारात दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याने भरलेल्या असंख्य गाठी, म्हणजे सिस्ट, तयार होतात. त्या वाढत गेल्या की बहुतेकींचा मूत्रनलिकांशी असलेला संबंध तुटतो आणि प्रत्येक गाठ तोंड बांधलेल्या मडक्यासारखी होते. अशा गाठीत जंतू शिरले, तर मूत्रमार्गाच्या साध्या संसर्गाचे ठोकताळे तेथे लागू पडत नाहीत.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे लघवीच्या अहवालावर विसंबणे. थंडी वाजून ताप येतो, कुशीत एका ठरावीक जागी दाबल्यावर दुखते, पण लघवीत पू नाही आणि जंतूही नाहीत. मग मलेरिया, डेंग्यू, टायफॉइड यांच्या तपासण्यांत दिवस निघून जातात. बंद गाठीतील पू लघवीत उतरेलच असे नाही, म्हणून रक्ताचे कल्चर (नमुन्यातील जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) आणि सीआरपी (शरीरातील दाह दाखवणारी रक्ततपासणी) हेही करावे लागते. सोनोग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये इतक्या गाठींतून दूषित गाठ नेमकी ओळखणे अवघड असते. निदान अडले तर पेट-सीटीचा, म्हणजे दाह असलेली जागा उजळून दाखवणाऱ्या स्कॅनचा, सर्वाधिक उपयोग होतो. कल्चरसाठी नमुने अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसआधीच घ्यावेत. घरात उरलेल्या गोळ्या घेऊन आलेल्या रुग्णाचे कल्चर कोरे येण्याची शक्यता वाढते, आणि ही घाई केवळ रुग्णच करतात असेही नाही.

दुसरी चूक औषधाच्या निवडीत होते. पेनिसिलिन, सेफॅलोस्पोरिन आणि जेंटामायसिनच्या गटातील औषधे गाठीच्या आत फारशी पोहोचत नाहीत. सिप्रोफ्लॉक्सासिन, लेव्होफ्लॉक्सासिन आणि कोट्रायमोक्साझोल ही मेदात विरघळणारी औषधे तेथे शिरतात. मात्र आपल्याकडे ई. कोलाय हा जंतू सिप्रोफ्लॉक्सासिनला अनेकदा दाद देत नाही, त्यामुळे गंभीर रुग्णाला रुग्णालयात मेरोपेनेमसारखी इंजेक्शने सुरू करून कल्चर आल्यावर औषध बदलणे योग्य ठरते. मात्रा मूत्रपिंडाच्या कार्यक्षमतेनुसार ठरवावी लागते आणि कोट्रायमोक्साझोल देताना रक्तातील पोटॅशियमवर लक्ष ठेवावे लागते. क्वचितच विचारला जाणारा एक प्रश्न असा, की रुग्ण कॅल्शियमच्या किंवा फॉस्फरस कमी करणाऱ्या गोळ्या घेतो का? या गोळ्यांसोबत घेतलेले सिप्रोफ्लॉक्सासिन पोटातच अडकते; ते त्यांच्या किमान दोन तास आधी किंवा सहा तासांनंतर घ्यावे.

ताप उतरला की औषध थांबवणे ही तर नेहमीचीच चूक आहे. गाठीच्या संसर्गाला साधारण 4 ते 6 आठवड्यांचा उपचार लागतो.

याउलट, प्रत्येक दुखण्याला संसर्ग समजणेही बरोबर नाही. गाठीत रक्तस्राव झाला, तरी अचानक तीव्र वेदना होतात, कधी लघवी लाल होते आणि किंचित तापही येतो. पण हा ताप बहुधा दोन-तीन दिवसांत ओसरतो आणि विश्रांती व पुरेसे पाणी यांवरच भागते. दोन्ही प्रसंगी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन ही वेदनाशामके टाळावीत, कारण आधीच थकलेल्या मूत्रपिंडाला त्यांनी आणखी इजा होते.

योग्य औषध देऊनही सुमारे तीन दिवसांत ताप हटला नाही, तर केवळ अँटिबायोटिक बदलत बसू नये. पाच सेंटिमीटरपेक्षा मोठी दूषित गाठ असेल, तर सुईने किंवा नळीने पू काढावा लागू शकतो. या रुग्णांत मूतखडेही बरेच आढळतात. खड्याने मूत्रपिंडातून मूत्राशयाकडे जाणारी मूत्रवाहिनी अडली असेल, तर ती तातडीने मोकळी करावी लागते, अन्यथा सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची जीवघेणी अवस्था, काही तासांत बळावू शकतो.