पॉलिक्लोनल प्रतिपिंडांची कुपी हाती आल्यावर

सशाला किंवा शेळीला प्रतिजन (ज्याला प्रतिपिंडे चिकटतात तो पदार्थ) टोचून त्या प्राण्याच्या सीरममधून (रक्तातील द्रवातून) मिळवलेली पॉलिक्लोनल प्रतिपिंडे म्हणजे एकाच प्रतिजनाच्या वेगवेगळ्या भागांना चिकटणाऱ्या रेणूंचे मिश्रण असते. या मिश्रणाची घडण प्राण्यागणिक आणि दर रक्तसंकलनागणिक बदलते, त्यामुळे एक लॉट (उत्पादनाची एक खेप) संपला की हुबेहूब तसाच दुसरा मिळेलच असे नाही. कुपी आली त्याच दिवशी तिची नीट व्यवस्था लावावी, ती म्हणूनच.

सर्वप्रथम सोबतचे माहितीपत्रक वाचावे, कारण उत्पादकाची सूचना वेगळी असेल तर तीच पाळायची असते. नंतर झाकणाला चिकटलेला द्रव तळाशी यावा म्हणून कुपी काही सेकंद सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवावी आणि एका प्रयोगाला पुरतील असे अ‍ॅलिकॉट (छोटे वाटे), प्रथिने कमी चिकटणाऱ्या नळ्यांमध्ये भरावेत. अ‍ॅलिकॉट १० मायक्रोलिटरपेक्षा लहान नसावा. त्याहून कमी द्रवातील बाष्पीभवनाचा आणि नळीच्या भिंतीला चिकटून वाया जाणाऱ्या प्रतिपिंडांचा वाटा फार मोठा ठरतो. नळीवर प्रतिपिंडाचे नाव, यजमान प्राणी, लॉट क्रमांक, संहती (द्रावणातील प्रतिपिंडांचे प्रमाण) आणि तारीख अशा शाईने लिहावी, जी दव साचल्यावर पुसली जाणार नाही.

बहुतेक प्रतिपिंडे उणे २० अंश सेल्सिअसला दीर्घकाळ टिकतात. त्यांचा खरा शत्रू म्हणजे वारंवार गोठणे आणि वितळणे, कारण प्रत्येक फेरीत काही रेणू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात व बंधनक्षमता घटते. आपोआप बर्फ वितळवणारे फ्रॉस्ट-फ्री फ्रीझर आतले तापमान ठरावीक काळाने वर नेतात, म्हणून ते या कामासाठी टाळावेत. वीज वरचेवर जाणाऱ्या ठिकाणी नळ्या दारापासून दूर, खोल कप्प्यात ठेवाव्यात. ५० टक्के ग्लिसरॉल असलेले द्रावण उणे २० अंशांना गोठत नाही, मात्र उणे ८० अंशांना गोठते, तेव्हा ‘अधिक थंड म्हणजे अधिक सुरक्षित’ हा हिशेब तिथे चुकतो. एकदा वितळलेला अ‍ॅलिकॉट उरल्यास तो पुन्हा न गोठवता ४ अंशांना ठेवून लवकर संपवावा.

एचआरपीसारखे (हॉर्सरॅडिश पेरॉक्सिडेज) विकर (एन्झाइम) जोडलेली प्रतिपिंडे सहसा गोठवत नाहीत, ती ४ अंशांनाच ठेवतात. प्रदीप्त रंगद्रव्य जोडलेल्यांना, त्याशिवाय, प्रकाशापासून जपावे लागते. नळीभोवती अ‍ॅल्युमिनियमचा कागद गुंडाळला तरी भागते.

४ अंशांना ठेवायच्या प्रतिपिंडांत जिवाणू वाढू नयेत म्हणून ०.०२ टक्के सोडियम अझाइड घालण्याची प्रथा आहे. हे रसायन एचआरपीचे कार्य रोखते, त्यामुळे एचआरपी जोडलेल्या प्रतिपिंडात ते मुळीच नसावे. जिवंत पेशींवरील प्रयोगांतही ते चालत नाही. ते विषारी असून शिसे व तांब्याच्या नळांत साचल्यास त्यापासून स्फोटक क्षार तयार होतात, त्यामुळे ते बेसिनमध्ये न ओतता रासायनिक कचऱ्यातच टाकावे.

सौम्य केलेले द्रावण त्याच दिवशी वापरावे, कारण कमी संहतीत प्रतिपिंडे लवकर निकामी होतात. नवा लॉट मात्र जुन्याचे काही अ‍ॅलिकॉट शिल्लक असतानाच मागवावा आणि एकाच नमुन्याच्या ब्लॉटचे (नमुन्यातील प्रथिने उतरवलेल्या पटलाचे) दोन तुकडे करून, एकावर जुना व दुसऱ्यावर नवा लॉट लावून, कोणते विरलन (किती पट सौम्य द्रावण) वापरायचे ते नव्याने ठरवावे.