बेरा नॉर्मल म्हणजे मेंदूला रक्त पुरतंय? या चुका टाळा

डोक्याला मार लागलेल्या रुग्णाचा बेरा (कानात आवाज देऊन श्रवण नस आणि ब्रेनस्टेम, म्हणजे मेंदूचं खोड, यांच्या विद्युत लहरी टिपणारी चाचणी) काढला, पाचही लहरी जागेवर दिसल्या, म्हणून ‘मेंदूचा रक्तपुरवठा ठीक’ असं लिहून मोकळं होणं, ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. मीन बीपीतून, म्हणजे सरासरी रक्तदाबातून, कवटीतला दाब, म्हणजे आयसीपी, वजा केला की उरतो तो सीपीपी, म्हणजे मेंदूत रक्त ढकलणारा दाब. तो घसरू लागला की आधी कॉर्टेक्स, म्हणजे मेंदूचा वरचा थर, कुरकुरतो, ईईजी (त्या थराच्या विद्युत लहरींचा आलेख) मंदावतो. ब्रेनस्टेम त्या मानाने चिवट. सीपीपी फारच खाली जाईपर्यंत त्याच्या लहरी फारशा हलत नाहीत. तेव्हा चांगल्या बेराच्या भरवशावर आयसीपीकडे दुर्लक्ष नको.

मुळात सीपीपीचा आकडा तरी खरा आहे का? डोकं ३० अंश वर, आयसीपी कानाच्या पातळीवर झिरो केलेला (म्हणजे ती पातळी शून्य धरलेली) आणि आर्टीरियल लाइनचा (धमनीतल्या नळीने बीपी मोजणारा) ट्रान्सड्यूसर छातीपाशी, असं सर्रास दिसतं. दोन पातळ्यांत १३ सेंमी अंतर असेल तर साधारण १० मिमी पाऱ्याचा फरक पडतो. मॉनिटरच्या हिशेबाने सीपीपी ६५, मेंदूला मिळतात ५५. कुठल्या पातळीवर झिरो केलं ते चार्टवर लिहाच.

पहिली ते पाचवी लहर हे अंतर सुमारे ४ मिलिसेकंद असतं. ते वाढलं की भुलीच्या औषधांवर खापर फोडतात. खरं तर बेरावर त्यांचा परिणाम थोडाच. आधी तापमान बघा. अंग थंड पडलं की हे अंतर आपोआप वाढतं.

पहिली लहर कानाजवळच्या श्रवण नसेतून येते; तीच नसेल तर ब्रेनस्टेमबद्दल निष्कर्ष काढू नका. आधी कानात डोकावा: मळ, साचलेलं रक्त, टेम्पोरल हाडाचं फ्रॅक्चर. अमिकासिन (कानाला इजा करू शकणारं अँटिबायोटिक) चालू होतं का, तेही विचारा.

मात्र पोस्टेरियर फोसाच्या (कवटीच्या मागच्या-खालच्या भागाच्या) ऑपरेशनमध्ये चांगली असलेली पहिली लहर अचानक गेली, तर गोष्ट वेगळी. कॉक्लियाला (आतल्या कानाच्या ऐकणाऱ्या भागाला) रक्त देणारी लॅबिरिन्थाइन धमनी बहुधा एआयसीएची (लहान मेंदूला रक्त देणाऱ्या एका धमनीची) शाखा असते आणि तिला पर्याय नसतो. ती दबली की सीपीपी उत्तम असूनही सगळ्या लहरी एकदम जातात. रिट्रॅक्टरने (मेंदू बाजूला धरणाऱ्या साधनाने) श्रवण नस ताणली जात असेल तर सहसा पहिली लहर टिकते, पाचवी हळूहळू लांबते. दोन्हींत सर्जनला लगेच सांगायचं, पण त्याआधी इअरफोन निसटला नाही ना, एवढं बघून घ्या.